कारणाचा रकाना

जबलपूरच्या सराफ्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना एक दृश्य सहसा विसरता येत नाही. भल्या पहाटे, दुकाने उघडण्यापूर्वी, हाती केरसुणी आणि घमेले घेतलेली काही माणसे गल्लीतल्या पायऱ्या, फरशीच्या फटी आणि गटारांच्या कडा मोठ्या निगुतीने झाडीत असतात. ही माणसे सफाई कामगार नव्हेत. कारागिरांच्या कानसीतून उडालेला, कपड्यांना चिकटून बाहेर आलेला सोन्याचा कण त्या केरात असतो, आणि तो धुऊन, गाळून, मुशीत तापवून वेगळा काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा आहे. आमच्याकडे त्यांना न्यारिये म्हणतात. मराठीत त्यांच्यासाठी झारेकरी असा जुना शब्द आहे. सराफ्यातला केर फुकट जात नाही. त्याला किंमत असते.

याच गल्लीत, मी शाळकरी असताना, एक तरुण कारागीर बसत असे. हात असा हलका, की बारीक नक्षीचे काम थोरामोठ्यांना बाजूला सारून त्याच्याकडे येई. पुढे तो चांदीच्या कागदाखाली काडी पेटवून धूर ओढू लागला, असे मोठी माणसे कुजबुजत. प्रथम त्याचे काम गेले, मग चोरीचा आळ आला, मग पोलीस आले. आळ खरा होता. तो परत आला तेव्हा कोणी त्याला ओट्यावर बसू दिले नाही. एका हिवाळ्यात तो गेला. ‘व्यसनाने गेला,’ एवढेच मोठ्यांनी सांगितले, आणि आम्हा मुलांना ते पुरेसे वाटले. जी गल्ली केरातला सोन्याचा कण सोडीत नव्हती, तिने एक अख्खा माणूस झाडून बाहेर टाकला, हे ध्यानात यायला मला पुष्कळ वर्षे लागली.

मी शासकीय सेवेतला मनुष्य. आमचे जग नमुन्यांचे आणि रकान्यांचे. कोणत्याही नमुन्यात एक रकाना हमखास असतो: ‘कारण’. तो रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तो भरला जातो. आणि एकदा भरला की पुढचा अधिकारी त्यालाच पुरावा मानतो. आज मला ज्यांच्याविषयी सांगावयाचे आहे, त्या डॉ. अनिता अवचट ह्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या कार्याचे मर्म माझ्या मते या एका रकान्याशी निगडित आहे. परंतु त्यांच्यापर्यंत येण्यापूर्वी शंभर वर्षे मागे, आमच्याच मध्य प्रांतात, जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात वेड्यांची दोन इस्पितळे होती: एक नागपूरला आणि दुसरे जबलपूरला. १८५८ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलीस पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करीत, आणि तेथून त्याची रवानगी इस्पितळात होई. त्याच्याबरोबर एक वर्णनपत्रक जाई. नाव, जात, वय, आणि वेडाचे कारण. पोलिसाला त्या माणसाचा पूर्वेतिहास ठाऊक नसे, नातेवाईक हजर नसत, रुग्ण स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसे. परंतु रकाना तर भरावयाचा! तो कधी काळी चिलीम ओढीत होता असे कोणी म्हटले, की ‘गांजा’ हे कारण लिहिले जाई. इस्पितळाचा डॉक्टर ते आपल्या नोंदवहीत उतरवून घेई, वर्षाअखेर त्याचे कोष्टक होई, आणि कोष्टक विलायतेला पोहोचले की गांजामुळे हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, हा सिद्धांत तयार होई.

ब्रिटिश पार्लमेंटात याविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि १८९३ साली हिंदुस्थान सरकारने भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. मध्य प्रांताच्या सेवेतील अँड्र्यू फ्रेझर हे एक सभासद होते; सात सभासदांपैकी तिघे हिंदी होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे इस्पितळांच्या नोंदवह्यांवर विश्वास ठेवण्याचे नाकारले. १८९२ साली इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग हे कारण होते. आयोगाने त्या एकेका प्रकरणाची नव्याने चौकशी करविली. रुग्णाच्या घरी, गावी विचारपूस झाली. चाळणीतून शेवटी ९८ प्रकरणे उरली, आणि त्यांतल्याही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणे गांजाच्या जोडीला होती. उरलेल्यांच्या बाबतीत चुकीचे कारण आपापल्या जागी सुखाने बसले होते.

आयोगाने १८९४ साली अहवाल दिला. अतिरेकी सेवन घातक आहे, त्याने वेड लागूही शकते, हे त्याने नाकारले नाही. तथापि माफक सेवनाने सर्वसाधारणतः अपाय होत नाही, सरसकट बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही, कर व परवाने यांच्याद्वारे नियंत्रण हाच मार्ग योग्य, असा त्याचा निष्कर्ष होता. येथे सावध राहिले पाहिजे. ज्या सरकारने हा आयोग नेमला त्याच सरकारला गांजाच्या परवान्यांतून उत्पन्न मिळत होते. आमच्या प्रांतात निमाडातील खांडव्याकडे त्याची परवानाबद्ध लागवड होत होती. आयोगाच्या दोन हिंदी सभासदांनी भिन्नमतपत्रिकाही जोडल्या. अहवालाचे निष्कर्ष वादग्रस्त ठरू शकतात. त्याची रीत मात्र वादातीत आहे. कारण लिहिण्यापूर्वी त्या माणसाच्या घरी जाऊन विचारावे, ही ती रीत.

स्वातंत्र्यानंतर धोरणाची दिशा पालटली. १९४९ साली अफूचे औषधाखेरीजचे सेवन दहा वर्षांत थांबविण्याचे ठरले आणि ३१ मार्च १९५९ ही त्याची अखेरची तारीख ठरली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली, तेव्हा गांजा बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत संपत आली असताना १९८५ साली अमली पदार्थांविषयीचा सर्वंकष कायदा संसदेने संमत केला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अमलात आला. भांगेची पाने त्याच्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून आमच्या मध्य प्रदेशात भांगेची परवान्याची दुकाने अद्याप दिसतात. गांजा, अफू, हेरॉईन हे सारे कडक शिक्षेच्या कक्षेत आले. अफू-हेरॉईन विकणाऱ्याला किमान दहा वर्षांचा सश्रम कारावास, आणि सेवन करणारालाही तुरुंग. व्यसनी माणसाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठविण्याची मुभा न्यायालयाला त्या कायद्याने दिली होती, हेही खरे. परंतु पाठवावयाचे कोठे?

याच सुमारास मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर एक नवा पदार्थ आला होता. अशुद्ध हेरॉईनची ती तपकिरी पूड. इंग्रजीत तिला ब्राउन शुगर म्हणत, लोकांनी तिला नाव दिले ‘गर्द’. गर्द या फारसी शब्दाचा अर्थ धूळ. १९७९ नंतर इराण आणि अफगाणिस्तान येथील उलथापालथीने तिच्या वाहतुकीचे जुने मार्ग बदलले आणि तिचा एक ओघ आपल्याकडे वळला. पुण्याचे पत्रकार-लेखक डॉ. अनिल अवचट यांनी या गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांना भेटून, त्यांच्या घरांतून हिंडून लेखमाला लिहिली. पुढे ‘गर्द’ या नावाने तिचे पुस्तक झाले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, घरच्यांच्या आणि मित्रांच्या ओठी सुनंदा, ह्या येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. दोघेही वैद्यकीचे पदवीधर. परंतु पतीने वैद्यकी सोडून लेखन व सामाजिक काम पत्करले, आणि संसाराचा आर्थिक भार पत्नीच्या नोकरीने पेलला. एकाच्या लेखणीने जो प्रश्न लोकांपुढे मांडला, त्याचे उत्तर दुसरीच्या वॉर्डात शोधले जावे, हा योग मोठा बोलका आहे.

येरवडा हे नावही बोलके आहे. महाराष्ट्रात ‘त्याला येरवड्याला पाठवा’ असे म्हटले की त्याचे दोन अर्थ होतात, कारण तेथे मध्यवर्ती कारागृहही आहे आणि मनोरुग्णालयही. गर्द ओढणाऱ्या मुलापुढे समाजाने हेच दोन दरवाजे ठेवले होते. एका दरवाजावर ‘गुन्हेगार’ असे लिहिलेले होते, दुसऱ्यावर ‘वेडा’. वास्तविक तो दोन्ही नव्हता. तो एका अशा आजाराने ग्रासलेला होता, की ज्यात मनुष्याची इच्छाशक्तीच पोखरली जाते. आणि ‘इच्छाशक्ती वापरून बाहेर ये’ असे त्याला सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावत इस्पितळात यावयास सांगण्यासारखे होते.

२९ ऑगस्ट १९८६ रोजी, नव्या कायद्याला एक वर्षही पुरे झालेले नसताना, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अवचटांची लेखमाला वाचून अस्वस्थ झालेले पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आरंभीच्या आर्थिक साहाय्याचा भार उचलला. शासनाची जागा, नागरिकांची देणगी आणि एका शासकीय डॉक्टरची कल्पकता, असा हा त्रिवेणी संगम होता. येरवड्याला तिसरा दरवाजा मिळाला.

या दरवाजाआड काय घडत होते? पहिले काही दिवस शरीराच्या यातनांचे. व्यसन तोडताच हातपाय पिळवटतात, झोप उडते, उलट्या होतात. तेथे औषधांची गरज. पण डॉ. अनिता अवचट यांनी ओळखले होते, की औषधांचे काम येथेच संपते आणि खऱ्या उपचाराला येथून आरंभ होतो. म्हणून सुमारे पाच आठवड्यांचा क्रम आखला गेला: गटात बसून बोलणे, स्वतःविषयी लिहिणे, व्यायाम, श्रम, खेळ, गाणे. रुग्णाच्या पत्नीला आणि आईवडिलांना बोलावून त्यांच्याही मनाचा निचरा होऊ देणे. बाहेर पडल्यावर ठरावीक काळाने पुन्हा भेटीला येणे. व्यसन हा आजार एका माणसाला होतो, पण तो साऱ्या घराला जडलेला असतो, ही दृष्टी त्यामागे होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली, जी मला प्रशासकाच्या नजरेने सर्वांत धाडसाची वाटते. जे रुग्ण बरे झाले, त्यांनाच त्यांनी तेथे कामाला घेतले. काल ज्याच्यावर घरचे लोक कपाटाची किल्ली सोडीत नव्हते, त्याच्या हाती आज नव्या रुग्णाची जबाबदारी. कोणत्याही नोकरभरतीच्या नियमांत हे बसणारे नाही. परंतु नुकत्याच आलेल्या, संशयाने आणि शरमेने आक्रसलेल्या मुलाला ‘मीही येथूनच गेलो’ असे सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला असणार? अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या मद्यपींच्या स्वमदत-चळवळीचे हेच तत्त्व होते. अनिताबाईंनी ते मराठी घरगुती वळणाने राबविले. आणि जो बरा होऊन गेला व पुन्हा घसरला, त्यालाही दार बंद झाले नाही. घसरणे हा आजाराचा भाग आहे. ती रुग्णाची बेइमानी नव्हे, असे तेथे मानले गेले.

हेच मी रकान्याच्या भाषेत सांगू इच्छितो. १८९२ च्या नोंदवहीत रोग्याच्या नावापुढे ‘गांजा’ लिहिले जाई आणि तेथे प्रश्न संपे. १९८५ नंतर आरोपीच्या नावापुढे ‘सेवन’ लिहिले जाऊ लागले आणि तेथेही प्रश्न संपे. मुक्तांगणात ‘गर्द’ किंवा ‘दारू’ हा शब्द लिहिल्यावर प्रश्न सुरू होत असे. हा मुलगा कोण, घरी काय चालले होते, पहिल्यांदा कोणी हाती दिले, कशाची भीती वाटते, कशाचा आनंद वाटतो? व्यसन हे कारण म्हणून न लिहिता, ज्याचे कारण शोधावयाचे आहे अशी गोष्ट म्हणून लिहावे, हा फरक वरवर लहान आहे, पण धोरण बदलते ते येथे.

त्याच काळात दूर अमेरिकेत एक मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले होते. हार्वर्डचे डॉ. लेस्टर ग्रिन्स्पून (१९२८–२०२०) यांनी १९६७ साली गांजाचे धोके तरुणांना पटवून द्यावेत या हेतूने अभ्यासाला हात घातला; मूळ पुरावे पाहताना आपल्या समजुतींनाच आधार नाही असे त्यांना आढळले आणि १९७१ साली त्यांनी आपला पालटलेला निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला. पुढचे सारे आयुष्य त्यांनी कायदा बदलण्यासाठी वेचले. अनिता अवचट यांची पद्धत निराळी. त्यांनी कायद्याशी वाद मांडला नाही. गांजा-गर्दचे समर्थन तर त्यांच्या ठायी संभवतच नव्हते. कायदा ज्या जागी मुका होता, त्या जागी त्यांनी एक संस्था उभी केली. एकाने पुस्तक लिहून विचारले, ‘हे खरे आहे का?’ दुसरीने रुग्णाजवळ बसून विचारले, ‘तुझे काय झाले?’ दोघांनीही आधी लिहून ठेवलेले उत्तर स्वीकारावयाचे नाकारले.

कायद्याचे पाऊल पुढे पडले ते हळूहळू, आणि कधी उलट दिशेनेही. १९८९ च्या दुरुस्तीने जामीन दुर्मीळ केला आणि काही पुनरावृत्त गुन्ह्यांना देहदंड अनिवार्य केला. पण त्याच दुरुस्तीने, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही आणले. २००१ साली शिक्षा मालाच्या प्रमाणाशी जोडल्या गेल्या. २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने अनिवार्य देहदंड घटनाबाह्य ठरविला, आणि २०१४ च्या दुरुस्तीने तो न्यायाधीशाच्या विवेकावर सोपविला. या बदलांचे श्रेय कोणा एका व्यक्तीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु उपचाराचे कलम लिहिणाऱ्याला ‘उपचार होऊ शकतो’ एवढा भरवसा तरी लागतो. तो भरवसा देशातल्या ज्या थोड्या वास्तूंनी निर्माण केला, त्यांत येरवड्याची ती वास्तू होती.

अनिताबाईंना हे सारे पाहावयास मिळाले नाही. त्यांना कर्करोगाने गाठले. निदान झाल्यानंतरही त्या वर्षानुवर्षे कामावर येत राहिल्या. स्वतःच्या दुखण्याविषयी रुग्णांशी मोकळेपणाने बोलत राहिल्या. १० फेब्रुवारी १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर आणि बरे झालेले कार्यकर्ते यांनी काम पुढे नेले. अनिल अवचट २०२२ साली निवर्तले तोवर त्यांचेही लक्ष तेथेच होते. संस्थापकाच्या पश्चात संस्था टिकणे ही आपल्याकडे सोपी गोष्ट नाही. ती टिकली याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, हेच की ती उभी राहिली होती रुग्णांच्याच खांद्यांवर.

आता एक कबुली. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका कार्यालयात माझ्यापुढे एका कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या दीर्घ गैरहजेरीचे प्रकरण आले. नमुन्यातल्या कारणाच्या रकान्यात मी ‘मद्यासक्ती’ असे लिहिले. शब्द अचूक होता, नियम अचूक होता, आणि त्याची नोकरी गेली. काही दिवसांनी त्याची पत्नी कार्यालयात आली. ती भांडली नाही, दयेचीही याचना केली नाही. तिने एवढेच विचारले, की साहेब, तुम्हांला ठाऊक होते ना, मग यांना न्यायचे कोठे, ते का नाही सांगितले? माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या साऱ्या कार्यालयात एकाहीपाशी नव्हते. कारणाचा रकाना होता; उपायाचा रकाना त्या नमुन्यात छापलेलाच नव्हता.

तो अजूनही पुष्कळ ठिकाणी छापलेला नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले, की मद्याच्या आहारी गेलेल्या दर अडतीस जणांपैकी एकाला कोणत्या तरी स्वरूपाचे उपचार मिळतात. इस्पितळात राहून उपचार मिळणारा तर एकशे ऐंशीत एक. त्या बाईचा प्रश्न एकटीचा नव्हता, हे त्या आकड्यांनी मला सांगितले. २०२० पासून नशामुक्तीचे देशव्यापी अभियान सुरू झाले आहे. मोर्चे निघतात, शपथा होतात. त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण शपथ ही उपचाराची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक जिल्ह्यात, तुरुंगाच्या आणि मनोरुग्णालयाच्या वाटेवर, एक तिसरा दरवाजा हवा, आणि तो कोठे आहे हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक हवे.

सुट्टीत जबलपूरला गेलो की पहाटे मी अजून सराफ्यातून एक फेरी मारतो. कमानिया दरवाजाच्या बाजूने आत शिरले, की न्यारिये आपल्या कामात गढलेले असतात. केर घमेल्यात भरण्यापूर्वी ते त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहतात. त्यात सोने आहे की नाही हे त्या क्षणी त्यांनाही ठाऊक नसते. ते असू शकते, एवढ्यावर ते ओझे उचलून घरी नेतात. डॉ. अनिता अवचट यांनी गर्द नावाच्या धुळीत सापडलेल्या माणसांविषयी एवढेच गृहीत धरले होते. आमच्या गल्लीतल्या त्या नक्षीकामाच्या कारागिराविषयी असे गृहीत धरणारे तेव्हा कोणी नव्हते. त्याच्या वयाची मुले आजही कोणत्या ना कोणत्या ओट्यावर बसलेली आहेत. त्यांच्या नावापुढचा रकाना आपल्यापैकीच कोणी तरी भरणार आहे.